खाडीपलीकडचा पावसाळा

दिवाळीचा अंक वाचकांच्या हाती पडतो तेव्हा पावसाळा नुकताच निरोप घेऊन गेलेला असतो. छत्र्या माळ्यावर चढलेल्या असतात, भिंतीवरच्या ओलीचे डाग चुन्याने झाकलेले असतात आणि स्वयंपाकघरात चकलीची भाजणी दळून आलेली असते. अशा वेळी पावसाची गोष्ट काढणे म्हणजे वरातीमागून घोडे आणणे आहे, हे मला कळते. पण विषय निघाला तो घरातच, आणि निघाला तोही माझ्या मुलीमुळे. ती सहावीत आहे. आषाढातल्या एका संध्याकाळी, बाहेर धो धो कोसळत असताना, इतिहासाचे पुस्तक मिटून तिने विचारले, ‘‘बाबा, ह्या पुस्तकात पाऊस का पडत नाही?’’

मी काही इतिहासाचा पंडित नव्हे. मॅट्रिकपुढे माझी मजल गेली नाही. दिवसा मुलांना शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. तरीही प्रश्न मनात रुतून बसला. खरेच की! आपल्या इतिहासात पाऊस पडतो तो लढाया थांबवण्यापुरता. ज्येष्ठ लागला की मराठ्यांच्या फौजा छावणीला जात, शिलेदार आपापल्या गावी परतत, आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून पुन्हा घोड्यांवर मांड टाकत. बखरकारांची लेखणीही तेवढे चार महिने विसावा घेई. मौज अशी, की ज्या चार महिन्यांत तो शिलेदार बायकोमुलांत बसून चुलीवरची भाकरी खात असे, पोरांना खांद्यावर घेऊन ओढ्याचे पाणी दाखवत असे, नेमके तेच महिने इतिहासाच्या पुस्तकात कोरे राहिले. मोहिमांचे दिवस पानोपानी लिहिले गेले. घरी घालवलेल्या दिवसांना कुणी कारकून मिळाला नाही.

पाऊस हा मौजेचा ऋतू आहे, ही कल्पना आपल्याकडे तशी अलीकडची. ती प्रथम परवडली साहेबाला. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर हिवाळा मुंबईत काढी, उन्हाळ्यात महाबळेश्वर गाठी आणि पावसाळ्यात पुण्यास गणेशखिंडीच्या बंगल्यात मुक्काम ठोकी. त्याच्यामागून कचेरी जाई, कचेरीमागून सगळा लवाजमा जाई, आणि पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम पावसाळ्यात भरे; तो अजूनही त्याच दिवसांत भरतो. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि लोणावळा मुंबईकरांच्या टप्प्यात आले. आज ज्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवर शनिवार-रविवारी हजारो माणसे पाण्यात बसलेली दिसतात, ते धरण कुणाच्या सहलीसाठी बांधलेले नव्हते. जी. आय. पी. रेल्वेने आपल्या वाफेच्या इंजिनांची तहान भागवण्यासाठी ते बांधले. इंजिने गेली, पाणी राहिले, आणि पाण्यात पाय सोडून कणसे खाणारी कुटुंबे आली. ह्या कुटुंबांचा इतिहास कुणी लिहील तेव्हा लिहो.

मी राहतो ते गाव मात्र लोणावळ्यासारखे नावाजलेले नाही. खाडीपलीकडची ही नवी मुंबई. ‘नवी’ म्हटले तरी जमीन जुनीच आहे. ठाणे आणि कुलाबा (कुलाब्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले) ह्या दोन जिल्ह्यांतली पंच्याण्णव गावे मिळून हे शहर आखले गेले. क्षेत्रफळ सुमारे ३४४ चौरस किलोमीटर. एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला पारसिक आणि खारघरचे डोंगर. मधल्या चिंचोळ्या पट्टीत आगरी आणि कोळी माणसे शतकानुशतके राहिली. आगर म्हणजे मिठागर. उन्हाळ्यात मीठ पिकवायचे आणि पावसाळ्यात भात, असा ह्या भूमीचा दुहेरी संसार होता.

ह्या माणसांचा पावसाळा कसा असे, ते जरा सविस्तर सांगितले पाहिजे. कारण आपण खिडकीत बसून ज्याला पावसाची गंमत म्हणतो ती त्यांच्या लेखी मेहनत होती. खाडीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घातलेले. बांधात जागोजाग उघाड्या. ओहोटी लागली की उघाडीचे दार पाण्याच्या दाबानेच बाहेरच्या बाजूस उघडावे आणि शेतातले पावसाचे पाणी खाडीत वाहून जावे. भरती आली की तेच दार तिच्या रेट्याने मिटावे. बांध फुटला तर त्या वर्षीचे पीक गेलेच. शिवाय जमीन मिठाने मारली जाई, आणि पुढचे काही पावसाळे तिला धुऊन काढण्यात जात. म्हणून भरपावसात, ऐन उधाणाच्या रात्री सारे गाव बांधावर जागत बसे. मृगाच्या सरींनी जमिनीतला खार धुतला जाई, मग खारात टिकणारा राता नावाचा तांबडा भात पेरला जाई. वरच्या गोड्या जमिनीत रोपे तयार करून आषाढात लावणी होई. बायका कमरेत वाकून दिवसभर चिखलात. पाठीवर इरले: बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि वर पळसाची पाने. छत्री धरायला हात मोकळा कुणाचा होता?

आणि तरीही ह्या मेहनतीतच त्यांची मौज होती. पहिल्या मोठ्या पावसात ओहोळांना पाणी आले की मासे अंडी घालायला उलटे चढून खाचरांत येतात. त्याला वलगण म्हणतात. वलगणीच्या रात्री बाप, मुलगे, काका, पुतणे, सगळे टोपल्या घेऊन बाहेर पडत. घरी परतल्यावर चूल पुन्हा पेटे, आणि मध्यरात्री चिवणीचे कालवण व तांदळाची भाकरी असा बेत होई. झोपलेल्या पोरांना उठवून जेवू घालत. समुद्रावरची मासेमारी बंद असल्याने एरवी उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले बोंबील, वाकट्या आणि सुकट यांच्यावर पावसाळा निघे. त्यात ही एक रात्र म्हणजे सणच. नारळी पौर्णिमेला कोळी खाडीला नारळ देत, आणि होड्या पुन्हा पाण्यात जात.

१९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल ह्या तिघांनी ‘मार्ग’ ह्या नियतकालिकातून मुंबईला पलीकडच्या किनाऱ्यावर जोड-शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली. १९७३ साली वाशीचा खाडीपूल वाहतुकीला खुला झाला. ह्या तीन ओळींत एका बाजूला सुटकेचा निःश्वास आहे, कारण मुंबईच्या चाळींत श्वास कोंडला होता. आणि दुसऱ्या बाजूला पंच्याण्णव गावांची खाचरे आहेत. जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी मेले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. ह्याविषयी अधिकारी माणसांनी पुष्कळ लिहिले आहे. मला एवढेच म्हणायचे आहे, की माझ्या बालपणीची पावसातली सगळी सुखे ह्या जमिनीवर उभी आहेत, आणि हे मला पुष्कळ उशिरा कळले.

आम्ही गिरगावातले दोन खोल्यांचे बिऱ्हाड मोडून १९८८ मध्ये नेरूळला आलो. मी तेव्हा सात वर्षांचा. घर वरच्या मजल्यावर होते आणि छप्पर गळके. पहिल्याच पावसाळ्यात घरातली सर्व भांडी कामाला लागली. तपेली, पातेली, परात, आणि शेवटी आजीच्या पूजेचे तांब्याचे घंगाळ! प्रत्येक भांड्याचा नाद निराळा. वडिलांना गाण्याचा कान होता. ते म्हणत, ‘‘परातीचा षड्ज लागला बरं का! आता घंगाळ जरा सरकवा, ते बेसूर होतंय.’’ आई चिडायची आणि मग हसू लागायची. दिवे गेले की मेणबत्तीच्या उजेडात पत्त्यांचा डाव पडे. तिघे असलो तर पाच-तीन-दोन, आजी बसली तर बदामसात, आणि शेजारची मंडळी आली तर झब्बू. आजी पत्ते लपवायची. ती लपवते हे सर्वांना ठाऊक होते आणि ते कुणी बोलायचे नाही, हा आमच्या घरचा अलिखित कायदा होता. कांदाभज्यांचा घाणा निघे. वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांच्या दोऱ्या खोलीभर असत, त्यामुळे भज्यांची ताटली घेऊन येणाऱ्या आईचे आधी फक्त पाय दिसत. पाऊस म्हटला की मला अजून ते पाय आठवतात.

तेव्हा नेरूळमध्ये इमारती थोड्या आणि मोकळी जमीन फार होती. संपादन झालेली, पण बांधकाम न झालेली खाचरे तशीच पडून होती आणि गावातली माणसे त्यांत जमेल तोवर भात लावत होती. माझ्या वर्गात शेजारच्या गावातला एक मुलगा होता. त्याने एकदा मला रात्री मुठे पकडायला नेले. मुठे म्हणजे खाचरातले खेकडे. बॅटरीचा झोत पडला की ते जागच्या जागी थिजतात. मागून अलगद हात घालून उचलायचे. त्याने दहा उचलले. मी एक उचलला आणि त्याने माझ्या अंगठ्याला पकडले. मी कळवळून ओरडलो, तर चहूकडचे बेडूक एकदम गप्प झाले. त्याच्या आईने अंगठ्याला हळद लावली आणि मला चुलीजवळ बसवून मुठ्यांचा रस्सा वाढला. शाकाहारी घरातला मुलगा मी. ही गोष्ट आजीला ती जाईपर्यंत कळू दिली नाही. त्या घराच्या ओसरीवर, खुंटीला टांगलेले इरले मी प्रथम पाहिले. मला ते मोठ्या कासवाच्या पाठीसारखे वाटले.

बेलापूरला आमचे एक नातलग राहत. चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या कलाग्राम वसाहतीत, जिला सगळे आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात, त्यांचे घर होते. १९८० नंतरच्या दशकात उभी राहिलेली ही वसाहत मला अजूनही आखणीतला एक शहाणपणा वाटते. सात-सात घरे एका चौकाभोवती. घराला घर लागलेले नाही, भिंत सामाईक नाही, म्हणजे ज्याला ऐपत होईल त्याने आपले घर वाढवावे. आणि प्रत्येकाला थोडे का होईना उघडे आकाश. हे सारे मला मोठेपणी समजले. तेव्हा एवढेच कळे की पाऊस सुरू झाला की सातही घरांतली पोरे चौकात येत आणि सात स्वयंपाकघरांच्या खिडक्यांतून सात आया एकदमच ओरडत. चौकातल्या पाण्यात कागदी होड्यांच्या शर्यती लागत. होडी गटाराच्या तोंडाशी पहिली पोचली की जिंकली, आणि त्याच क्षणी बुडाली!

पण खरी चैन आली ती १९९२ मध्ये, मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल सुरू झाली तेव्हा. वर्षभरात ती नेरूळला पोचली. वडिलांची रोजची बसची दगदग वाचली, हा मोठ्यांचा फायदा. आमचा फायदा असा, की रविवारी पाऊस चांगला लागला की वडील म्हणत, ‘‘चला, खाडी बघून येऊ.’’ नेरूळहून मानखुर्दला जायचे, उतरायचे, स्टेशनावर चहा प्यायचा आणि परत यायचे. बस्स. पण तो खाडीपूल! गाडी पुलावर आली की दोन्ही दारांतून पावसाचे तुषार आत येत. वर पाणी, खाली पाणी, मध्ये आम्ही. दूर एखादी होडी, तीत प्लास्टिक पांघरून बसलेला कोळी. आई कधी खिडकीची जागा सोडत नसे. महाबळेश्वरला जाणाऱ्या गव्हर्नराला असले सुख लाभले असेल असे मला वाटत नाही. निदान त्याला ते इतके स्वस्तात तर नक्कीच मिळाले नाही.

आता धबधब्याकडे वळतो. खारघरच्या डोंगरातला पांडवकडा सुमारे साडेतीनशे फुटांवरून कोसळतो. वनवासातले पांडव इथे न्हायले अशी लोककथा आहे. आपल्याकडे पांडव बरेच ठिकाणी न्हायले आहेत. अठरा वर्षांचा असताना मी आणि तो माझा वर्गमित्र, असे आठ-दहा जण तिथे गेलो. धाकटी बहीणही हट्टाने बरोबर आली होती. आमच्या डोक्यावर पाऊस थांबला होता, ऊन पडल्यासारखे झाले होते. ओढा पोटरीइतका. मी बहिणीचा हात धरून दगडावर बसलो होतो. एकाएकी मित्र ओरडला, ‘‘पाण्याचा रंग बघ!’’ पाणी गढूळ झाले होते, त्यात काटक्या आणि पाला. मला अर्थ कळला नाही. त्याने विचारपूस न करता बहिणीला खांद्यावर टाकले आणि माझी कॉलर धरून काठावर ओढले. मागे वळून पाहिले तर आम्ही बसलो होतो तो दगड दिसत नव्हता.

पुढे मी हे मुलांना वर्गात शिकवू लागलो. हे डोंगर काळ्या कातळाचे, उताराने खडे. माथ्यावर पडलेला पाऊस मुरत नाही. काही मिनिटांत सगळा ओढ्याला येतो. आपण उभे आहोत तिथे कोरडे असले तरी वर काय चालले आहे ते दिसत नाही. पाणी गढूळ झाले, पाला वाहू लागला, की वाट न पाहता वर चढायचे. शेतात वाढलेल्या मुलाला हे ठाऊक होते. गिरगावातून आलेल्या मला नव्हते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ह्याच परिसरात चार तरुण विद्यार्थिनी लोंढ्यात वाहून गेल्या. त्या दिवशी मी शाळेत होतो आणि दुपारचा तास मला घेता आला नाही. पावसाळ्यात तिथे जायला आता बंदी असते. पोलीस वाट अडवतात आणि लोक कुरकुरतात. मी कुरकुरत नाही. पण मुलगी जेव्हा म्हणते, ‘‘तुम्ही गेलात ना? मग मी का नाही?’’ तेव्हा मला सरळ उत्तर देता येत नाही.

२६ जुलै २००५ विषयी सर्वांनी लिहिले आहे. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा आता शाळेतली पोरेही सांगतात. मला इथे दुसरीच गोष्ट नोंदवायची आहे. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून आखणी करणाऱ्यांनी खाडीकाठी धारण तलाव खोदले. भरतीत त्यांची दारे मिटतात आणि शहरातले पावसाचे पाणी तलावात साठते. ओहोटीत दारे उघडतात आणि ते खाडीत जाते. ह्यामागचे तंत्र हॉलंडचे, असे सांगतात. असेलही. परंतु वाचकांना वर सांगितलेली उघाडी आठवत असेल. आगरी शेतकऱ्याने भातासाठी जे दार बसवले, तेच आज आमच्या इमारतींसाठी बसले आहे. आम्ही संध्याकाळी नेरूळच्या अशाच एका तलावाकाठी कणसे खात फिरतो.

शेते गेली. मिठागरेही बहुतेक गेली. उलव्याची टेकडी कापून तिथे विमानतळ झाला, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचे उद्घाटन झाले, आणि दि. बां. चे नाव त्याच्याशी जोडले गेले. एक गोष्ट मात्र स्वयंपाकघरात टिकली. पहिला पाऊस झाला की पनवेल-कर्जतकडच्या आदिवासी बायका स्टेशनाबाहेर फडके पसरून बसतात: शेवळे, टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, मग कंटोळी. शेवळे नीट केले नाही तर घसा खाजतो, त्यासाठी सोबत काकडाची फळे लागतात. ती न घेता जाणारे गिऱ्हाईक दिसले की त्या बाया स्वतःच हाक मारून हातावर चार फळे ठेवतात. माझ्या बायकोने ही भाजी अशा रस्त्यावरच्या शिकवणीतून उचलली. आमच्या आजीच्या पाककलेत ती नव्हती.

ह्या आषाढात त्या मित्राचा फोन आला. त्याला साडेबारा टक्क्यांत मिळालेल्या भूखंडावर चार मजली इमारत आहे आणि तो शाळेच्या बसगाड्या चालवण्याचा व्यवसाय करतो. म्हणाला, ‘‘मास्तर, चिंबोऱ्या आल्यात. पोरीला घेऊन ये. आई आठवण काढते.’’

आम्ही गेलो. काकींचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. जेवणे झाली आणि माझ्या मुलीने तोच प्रश्न त्यांना विचारला, की आजी, तुम्ही लहान असताना पावसात काय मजा करायचात? काकी थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग लेकाला म्हणाल्या, ‘‘माल्यावरचा इरला काढ.’’

इरले निघाले. पळसाची पाने केव्हाच गळाली होती. कामट्यांवर निळे प्लास्टिक ताणून बांधले होते, तेही जागोजाग फाटलेले. मुलीने ते डोक्यावर घेतले आणि पावसात जायचा हट्ट धरला. लिफ्टमध्ये ते शिरेना. जिन्याच्या वळणावर अडकले. मित्राने वरून आणि मी खालून असे धरून आम्ही ते खाली नेले. रस्त्यावर पाऊस चांगलाच होता. मुलगी ताठ चालू लागली. इरले मागे घसरले, वाऱ्याने उलटे झाले आणि ती चिंब भिजली. तिने पुन्हा घेतले, पुन्हा तेच.

दुसऱ्या मजल्याची खिडकी उघडली. काकी गजांना धरून ओरडत होत्या, ‘‘वाकून चाल गो पोरी! उबी चालशील त वारा शिरंल. ते उबं ऱ्हायचं नाय, वाकून काम करायचं हाय!’’

मुलगी कमरेत वाकली. इरले पाठीवर नीट बसले. ती तशीच, दोन्ही हात मोकळे, रस्त्याच्या कडेने पाणी उडवत कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली.